एकतीस क्रमांकाचे पांघरूण

रविवार, दुपारचे दोन वाजून चाळीस मिनिटे

आदरणीय साडूभाऊंच्या सेवेशी धाकट्या साडूचा आदरपूर्वक नमस्कार पोहोचावा.

आपली प्रकृती आणि विशेषतः आपला डावा गुडघा आता बरा असेल, अशी आशा आहे. (मागील पत्रात आपण उजवा लिहिला होता, परंतु त्याआधीच्या दोन पत्रांत डावा होता, बहुमत प्रमाण मानून डाव्याची चौकशी करीत आहे. दोन्ही दुखत असल्यास तसे स्पष्ट कळवावे.) आपल्या बोगद्याचे काम पुढे सरकले असेल, डोंगराने फार आढेवेढे घेतले नसतील आणि भोजनगृहातील स्वयंपाकी अद्याप तोच असल्यास आपण त्याच्याशी जमवून घेतले असेल. आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असे या ठिकाणी लिहिण्याचा प्रघात आहे. तो मला दुपारी चार वाजेपर्यंत पाळता येईल. चारनंतरची हमी मी देऊ शकत नाही.

चार वाजता काय होते, हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या सौभाग्यवती, म्हणजे आमच्या सौ.च्या सख्ख्या थोरल्या भगिनी, ज्यांना मी ताई म्हणतो, त्या रोज ठीक चार वाजता आमच्याकडे फोन करतात. दोघी भगिनींमध्ये दोन वर्षे एक महिना अबोला होता. (कारण आपणांस स्मरत असेलच: एका कौटुंबिक छायाचित्रात कोणी कोणाला मागच्या रांगेत उभे केले. छायाचित्र मी भिंगाखाली पाहिले आहे. दोघीही मागच्याच रांगेत आहेत.) त्या दोन वर्षांत आमच्या स्वयंपाकघरातून भांड्यांखेरीज आवाज आला नाही. चार महिन्यांपूर्वी आपण बोगद्यावर गेलात, आणि माळ्यावरचे काही काढायचे म्हणून ताईंनी फोन करून एवढेच विचारले, "तुझ्याकडे शिडी आहे का?" आमची सौ. म्हणाली, "आहे. ये आणि ने." अबोला एका शिडीवर सुटला. तेव्हापासून सौ. काम करताना गुणगुणते. तिला सूर नाही, हे मी सत्याला स्मरून नमूद करतो. परंतु त्या गुणगुणण्याची मला अशी सवय जडली आहे, की मध्येच ते थांबले तर मी वर्तमानपत्र खाली ठेवून पाहून येतो. आज चार वाजता ते कायमचे थांबण्याचा संभव आहे, आणि त्याला मी, केवळ मी, जबाबदार आहे. आपल्या बोगद्यावर फोन लागत नाही आणि पत्र चार दिवसांनी पोहोचते, म्हणजे आपण हे वाचाल तेव्हा जे व्हायचे ते होऊन गेलेले असेल. तरीही लिहितो. मनातले कोणाला तरी सांगितलेच पाहिजे, आणि सौ.ला सांगणे शक्य नाही. ती आत झोपली आहे.

आता मूळ विषय. वापरलेल्या गृहोपयोगी वस्तू स्थानिक संस्थेस दान करण्याचे फायदे आपणांस सविस्तर कळवावेत, असे माझ्या मनात आठवड्यापासून होते. (हे पत्र गेल्या रविवारी लिहिले असते तर फारच उत्साहवर्धक झाले असते.) पहिला फायदा जागेचा. आमचा माळा आपण पाहिला आहे. नसेल पाहिला तर त्याने आपल्याला पाहिले असेल, कारण त्याचे दार आपोआप उघडून त्यातील वस्तू खालून जाणाऱ्याचे स्वागत करीत असत. गेल्या महिन्यात एक थर्मास माझ्या खांद्यावर उतरला. सौ. म्हणाली, "आता एक तर तो माळा तरी रिकामा करा, नाही तर घरात हेल्मेट घालून फिरा." दुसरा फायदा असा, की आमच्या गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेत एक संस्था चालते, आणि ज्यांना रिकाम्या खोलीपासून संसार मांडावा लागतो अशा कुटुंबांना ती या वस्तू विनामूल्य देते. कोणाचे घर जळालेले असते, कोणी दोन पोरांना घेऊन नवऱ्याच्या घरातून बाहेर पडलेली असते. ज्या कुकरवर आपण आठ वर्षे चिडलो, त्याची कोणीतरी वाट पाहत असते, ही कल्पना मला फार आवडली. संस्था एक निवृत्त मुख्याध्यापिका चालवतात. त्यांना सगळे नुसते बाई म्हणतात, आणि त्यांच्यासमोर माझ्या वयाचे गृहस्थही शर्टाचे वरचे बटण लावतात.

येथे माझ्या व्यवसायाचा दोष उद्भवला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे आणि एकोणतीस वर्षे कारखान्याच्या भांडारात काढली आहेत. आमच्या भांडाराचा नियमच आहे, की कोणतीही वस्तू आपल्या इतिहासाशिवाय दाराबाहेर जात नाही. प्रत्येक वस्तूस एक कार्ड असते. त्या नमुन्यानुसार मी घरातील सत्तेचाळीस वस्तूंची सत्तेचाळीस कार्डे सुवाच्य अक्षरात तयार केली. प्रत्येकावर सहा रकाने: अनुक्रमांक, वस्तू, कोणाकडून आली, दोष, ठेवण्याची जागा, आणि देऊन टाकण्याचे कारण. ती गळून पडू नयेत म्हणून मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी गाठ मारून शिवली. (दान देताना 'ठेवण्याची जागा' हा रकाना कशाला हवा, असे आपण विचाराल. नमुन्यात होता म्हणून. याहून चांगले उत्तर मी गेले वीस तास शोधत आहे.)

कार्डे मी अत्यंत सचोटीने भरली. कुकरच्या कार्डावर लिहिले: "शिट्टी आपोआप होत नाही. तिसऱ्या मिनिटाला झाकणावर पळीने एकदा, जोरात नव्हे, ठोकावे. मग होते." इस्त्रीच्या कार्डावर: "वायर आखूड. ठिणग्या नाहीत. कॉलर जाळत नाही, परंतु जाळील अशी भीती सतत वाटते." ओघ लागला होता, साडूभाऊ. खोटे लिहिणे मला ठाऊक नाही आणि अर्धवट लिहिणे मला आवडत नाही. अशा ओघात मी अनुक्रमांक एकतीसपाशी आलो.

अनुक्रमांक एकतीस म्हणजे लोकरीचे पांघरूण, क्रोशाने विणलेले, मोठ्या पलंगाचे, मोरपंखी व तपकिरी. ते ताईंनी दोन हिवाळे खपून स्वतःच्या हातांनी आमच्यासाठी विणले. कार्डाची एक प्रत मी भांडाराच्या सवयीने ठेवली आहे. ती समोर घेऊन जशीच्या तशी उतरवतो, कारण आपल्यापासून काही लपवण्यात आता अर्थ नाही. "कोणाकडून आली: पत्नीच्या थोरल्या भगिनीकडून. दोष: वजन चार किलो दोनशे ग्रॅम. जड आहे, परंतु उबदार नाही. भोकांतून थंडी आत येते. सकाळी गालावर फुलांची नक्षी उमटते व ती कार्यालयात दुपारपर्यंत टिकते. ठेवण्याची जागा: देणारी व्यक्ती येणार असल्यास पलंगावर, एरवी माळ्यावर. देऊन टाकण्याचे कारण: स्वीकारताना नकार देणे शक्य नव्हते."

पाचवा रकाना पुन्हा वाचावा. मला तो पाठ झाला आहे. ताई येणार म्हटले की सौ. शिडी लावून ते पांघरूण उतरवी, झटकी, पलंगावर पसरी, आणि ताई दाराबाहेर पडल्या की मी घडी घालून परत वर टाकी. हे आम्ही वर्षानुवर्षे एकही शब्द न बोलता पार पाडले. लिहून ठेवण्याचे पाप तेवढे माझे. सौ.ने मला सांगितले होते, "माळ्यावरचं जे असेल ते द्या, फक्त मला एकदा दाखवा." मी यादी दाखवली. ती भाजी चिरत होती. तिने एकतिसाव्या ओळीपर्यंत वाचले असेल, असे मला वाटत नाही.

सामान पोहोचवले त्या दिवशी माझा मोठा गौरव झाला. बाईंनी चार कार्डे वाचून चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "इतक्या वर्षांत प्रथमच कोणी खरं सांगून सामान दिलंय." संस्थेची पद्धत अशी, की वाटपाच्या रविवारी वस्तू एकेक करून वर धरतात व तिची माहिती मोठ्याने वाचतात, म्हणजे ज्याला वाचता येत नाही तोही मागे पडत नाही. बाई म्हणाल्या, या वेळी तुमची कार्डेच वाचू. मी फुगलो. फुगलेल्या अवस्थेत मी त्यांच्या पहारेकऱ्याला भांडार-व्यवस्थेचे धडे दिले, आणि एक सूचनाफलक स्वतः लिहून दारावर लावला: "आत आलेली वस्तू बाईंच्या लेखी आदेशाशिवाय बाहेर जाणार नाही. देणाऱ्यानेही विनंती करू नये." शेवटचे वाक्य बाईंनी नको म्हटले होते. मी आग्रह धरला.

काल संध्याकाळी सहा वाजता सौ. फोन ठेवून बाहेर आली आणि आनंदाने म्हणाली, "ऐकलं का, ताई उद्या तुमच्या त्या संस्थेत येतेय. घरात एकटी बसून काय करायचं, म्हणून बाईंना मदत करणार. आवाज खणखणीत आहे ना तिचा, म्हणून कार्डं तीच वाचणार आहे!"

साडूभाऊ, माझी पाचावर धारण बसली. मी चप्पल घातली (नंतर लक्षात आले की दोन वेगवेगळ्या) आणि संस्थेत गेलो. दार बंद, पहारेकरी स्टुलावर. मला पाहताच तो उभा राहिला. "साहेब, तुमची कार्डं दुपारपासून वाचतोय. एकतीस नंबर तर दोनदा वाचला. ते गालावरच्या फुलांचं खरंय का हो?" मी म्हणालो, त्याच क्रमांकात किरकोळ दुरुस्ती आहे, दोन मिनिटे आत जाऊ द्या. तो हसला, आणि बोटाने माझाच फलक दाखवला. मी म्हणालो, हे मीच लिहिले आहे. तो म्हणाला, "म्हणून तर. तुम्हीच मोडलात तर बाकीच्यांना काय सांगू?" त्याला इतके चांगले कोणी शिकवले, याचा मला क्षणभर अभिमानही वाटला. बाई बहिणीकडे गेल्या होत्या आणि सकाळी नऊलाच परतणार होत्या. मी घरी आलो. सौ. गुणगुणत होती. मी जेवलो नाही. पोट बिघडल्याचे सांगितले, आणि तिने मला ओव्याची पूड दिली, तीही मी मुकाट्याने घेतली.

तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. आतून कूस बदलल्याचा आवाज आला. पुढे लिहितो.

आज सकाळी आठला मी छापखान्याच्या दाराशी हजर. खिशात नखे कापायचे यंत्र. (मेणाचा दोरा आणि दुहेरी गाठ, कात्री नेली असती तर पहारेकऱ्याने हटकले असते.) नऊला बाई आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "वा, वेळेवर! खुर्च्या मांडा." मी खुर्च्या मांडल्या. ऐंशी. प्रत्येक रांगेनंतर मी चौथ्या टेबलाकडे सरकत होतो, जिथे ते पांघरूण घडी घालून ठेवले होते आणि वर माझे कार्ड आपली सहाही तोंडे वासून पडले होते. एकदा मी दोऱ्यापर्यंत पोहोचलो. यंत्र लावले. मेण चांगल्या प्रतीचे होते. यंत्र घसरले आणि माझेच नख गेले. तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "अगंबाई, भाऊजी! तुम्ही इतक्या लवकर?" ताई. अंगावर इस्त्रीची साडी, खांद्याला ती निळी कापडी पिशवी, चेहऱ्यावर असा उत्साह, की चार महिन्यांनी घराबाहेर काहीतरी काम मिळाल्यावरच तो येतो. त्या खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "मी कार्डं आधी वाचली नाहीत हं. बाई म्हणाल्या, एकदम वाचलं की मजा येते."

यानंतर बाईंनी मला वस्तू वर धरण्याचे काम दिले. म्हणजे ताई वाचणार आणि त्यांच्या शेजारी, दीड हातावर, मी उभा राहून ती वस्तू सर्वांना दाखवणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फरक इतकाच, की माझे दोन्ही हात गुंतलेले होते.

कुकर निघाला तेव्हा सभागृह हसले, पण एक बाई दोन मुलींना घेऊन उभी राहिली आणि तिने मला थेट विचारले, "कुठल्या बाजूला ठोकायचं?" मी म्हणालो, "मुठीच्या बाजूला." तिने मान डोलावली आणि कुकर पोटाशी धरून नेला. इस्त्री एका न्हाव्याने नेली, म्हणाला, "वायर आखूडच बरी, पायात येत नाही." मला एरवी या गोष्टींनी भरून आले असते. मी अंक मोजत होतो. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणतीस हा आरसा होता. तीस म्हणजे माझ्या खांद्यावर उतरलेला थर्मास. मी एकतीस सोडून बत्तीस उचलला. "क्रम चुकला," बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या. त्यांच्या शाळेत कोणाची पाढ्यांत चूक झाली असेल, असे वाटत नाही.

मी पांघरूण उचलले. चार किलो दोनशे ग्रॅम. ताईंनी ते पाहिले. आपण विणलेले ओळखायला कार्ड लागत नाही. त्यांचा चेहरा आधी उजळला, हे मी लिहून ठेवतो, कारण तेच मला सर्वांत जड गेले. मग त्यांनी कार्ड डोळ्यांसमोर धरले आणि मोठ्याने वाचले, "अनुक्रमांक एकतीस. लोकरीचे पांघरूण, क्रोशाने विणलेले." आणि थांबल्या. त्यांचे डोळे खालच्या रकान्यांवरून सरकत होते. मी सेकंद मोजले. अकरा. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे एकदा पाहिले. मी पांघरूण नाकापर्यंत वर घेतले. भोकांतून त्या मला दिसत होत्या, आणि मी त्यांना.

मग त्या वाचू लागल्या. आवाज तसाच खणखणीत. "कोणाकडून आली: एका बहिणीकडून दुसऱ्या बहिणीला. दोष: काही नाही. ठेवण्याची जागा: पलंगावर, रोज. देऊन टाकण्याचे कारण: इतकी वर्षे आम्ही ऊब घेतली, आता दुसऱ्या कोणी घ्यावी."

साडूभाऊ, सहापैकी तीन रकाने धादांत खोटे! एकोणतीस वर्षांत माझ्या भांडारात इतकी चुकीची नोंद कोणी केली नसेल, आणि कोणत्याही नोंदीपुढे मी इतका कृतज्ञ होऊन उभा राहिलो नसेन. मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. पुढे येऊन त्यांनी पांघरूण उजेडाकडे धरले, भोकांतून बोट घातले, आणि मला विचारले, "वजन किती भरेल?" ते तर मला तोंडपाठ होते. "मग हेच द्या," त्या म्हणाल्या. "पांघरायला नाही हो. एका खोलीत आम्ही पाच माणसं, सून नवी आहे. मधे पडदा लावला तर वाऱ्यानं उडतो. हे उडायचं नाही. आणि हवा पण येईल, उजेड पण येईल." जे दोष मी तीन ओळींत लिहिले होते, ते त्यांनी एका दमात गुण म्हणून मोजून दाखवले. ताईंनी मेणाचा दोरा, माझी दुहेरी गाठ, दातांनी एका झटक्यात तोडली. पांघरूण आजींच्या हातावर ठेवले. आणि कार्ड घडी करून आपल्या निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात टाकले.

त्यानंतर सोळा वस्तू झाल्या. निघताना ताई मला फक्त म्हणाल्या, "चारला फोन करते म्हणावं तिला."

तीन वाजून छत्तीस मिनिटे. सौ. उठली. चहा टाकला आहे. गुणगुणते आहे. तिला पांघरूण गेल्याचेही ठाऊक नाही, मग कार्ड तर दूरच. ताईंनी लोकांसमोर माझी अब्रू राखली. पण बहिणीला त्या काय विचारतील? "मी आले की पलंगावर, मी गेले की माळ्यावर, असं करत होतीस ना गं?" या प्रश्नाचे खरे उत्तर एकच आहे आणि ते माझ्या सुवाच्य अक्षरात त्यांच्या पिशवीत आहे. छायाचित्रातल्या रांगेवरून दोन वर्षे गेली, साडूभाऊ. दोन हिवाळ्यांच्या विणकामावरून किती जातील, याचा हिशोब वाणिज्य शाखेत शिकवत नाहीत.

माझी आपल्याला एवढीच विनंती, की आपण पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा निळ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यातून ते कार्ड हस्तगत करावे व नष्ट करावे. तोवर गुडघ्याची काळजी घ्यावी. तीन बावन्न झाले. चहा समोर आला आहे, पण आधी पाकिटावर पत्ता लिहितो.

आपला नम्र,
धाकटा साडू

ता. क. : चार वाजून एकतीस मिनिटे. (अंकानेही सूड घ्यावा ना!) फोन ठीक चारलाच आला. मला एकच बाजू ऐकू आली, ती अशी: "हं, बोल... हो, घरातच आहेत... काय?... कुठलं कार्ड?" एवढ्यावर सौ.ने आतून दार लावून घेतले. गेल्या चार महिन्यांत तिने फोनवर बोलताना दार लावलेले नाही. आता बाहेर आली. माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "चहा गार झाला तुमचा." बस्स. तीस वर्षांच्या संसारात याहून भयानक वाक्य मी ऐकलेले नाही. गुणगुणणे बंद आहे.

ता. क. दुसरा : सोमवार सकाळ. रविवारी टपाल निघत नाही, म्हणून पत्र माझ्याजवळच होते. आता आपल्याकडून, म्हणजे ताईंकडून, रिक्षाने एक सपाट, जड पुडके आले. त्यास कार्ड शिवले आहे. मेणाचा दोरा, दुहेरी गाठ. सहा रकाने, ताईंच्या अक्षरात: "अनुक्रमांक: एक. वस्तू: किल्ल्या अडकवण्याचा फळा, चोवीस हुकांचा, प्रत्येक हुकास क्रमांक. कोणाकडून आली: धाकट्या बहिणीच्या यजमानांकडून, गृहप्रवेशास. दोष: घरात किल्ल्या तीन. बाकीचे एकवीस हूक बघून पाहुणे विचारतात, लॉज काढलंय का. ठेवण्याची जागा: देणारे येणार असल्यास भिंतीवर, एरवी पलंगाखाली. देऊन टाकण्याचे कारण: बरोबरी. (आमच्या यजमानांचा जुना शेरा: खिळा काढू नये, त्यावर शर्ट चांगला राहतो.)"

साडूभाऊ! आपण स्वमुखाने मला सांगितले होते, की त्या फळ्यावाचून आपले पान हलत नाही. मी आपल्याकडे येत असे तेव्हा तो फळा प्रत्येक वेळी किंचित डावीकडे कललेला असे, आणि मी प्रत्येक वेळी तो सरळ करून देत असे. तो घाईने टांगला जात होता, हे मला आज कळले.

ता. क. तिसरा : मी कार्ड वाचत असताना सौ. मागे येऊन उभी राहिली, आणि हसायला लागली. इतकी हसली, की शेवटी भिंतीला टेकून खाली बसली. तिला सगळे कालच ठाऊक होते. ताईंनी सहाही रकाने फोनवर वाचून दाखवले, दोघी दार लावून अर्धा तास हसत होत्या, आणि शेवटी ताई म्हणाल्या, "उद्यापर्यंत त्यांना काही बोलू नकोस. पांघरुणानं नाही आला तो घाम आता येऊ दे." पिशवीतील कार्ड नष्ट करण्याची विनंती रद्द समजावी. ताईंनी ते चौकट करून भिंतीवर लावले आहे, असे कळते. बहुधा आपल्या शर्टाच्या खिळ्यावर. फळा मी आमच्या दाराशी टांगला आहे. आमच्याही किल्ल्या तीनच आहेत.

ता. क. चौथा व खरा : मूळ मुद्दा राहिला. आज चारची वाट न पाहता ताईंनी सकाळीच फोन करून सौ.ला सांगितले, की पांघरुणातील दोष त्यांना मान्य आहेत. सबब त्या आमच्यासाठी नवीन विणायला घेत आहेत, दुहेरी लोकरीने, भोके बारीक. अदमासे वजन विचारले, तर "सहा किलोच्या आत बसवते" म्हणाल्या. तेव्हा आपण तातडीने रजा काढावी व त्यांच्या हातातून क्रोशाची सुई गोडीगुलाबीने काढून घ्यावी, ही माझी खरी, कळकळीची आणि एकमेव विनंती आहे.

ता. क. शेवटचा : रजा काढू नये. पाकीट चिकटवायला डिंक आणण्यासाठी स्वयंपाकघरात गेलो होतो. सौ. लोकरीचे रंग फोनवर ठरवत होती आणि मध्येमध्ये गुणगुणत होती. विणू द्यावे. मी कार्ड आत्ताच तयार करून ठेवले आहे. 'ठेवण्याची जागा' या रकान्यात 'पलंगावर, रोज' असे शाईने लिहिले आहे. दोषाचा रकाना मात्र कोरा ठेवला आहे; खोटे मला लिहिता येत नाही, आणि खरे लिहिण्याची घाई मी आता करणार नाही.